नॉब, काटा आणि कारण

'ओपेनहायमर' हा सिनेमा २०२३ साली आला. तो पाहून बाहेर पडताना माझ्या भाचीने विचारलं, "मामा, त्याच्या भावाचं पुढे काय झालं?" ती तेव्हा दहावीत होती. सिनेमातला भाऊ दोन-चार प्रसंगांत दिसतो, मग कथेतून गळून पडतो. मी पार्किंगमध्ये गाडी शोधत होतो. "त्याने गाईगुरं पाळली, मग शाळेत शिकवलं, मग एक म्युझियम काढलं," असं काहीतरी उत्तर मी दिलं. तिचा चेहरा पडला. अणुबाँबपासून सुरू झालेली गोष्ट म्युझियमपाशी संपावी, हे तिला पटलं नाही. तिला तेव्हा जे नीट सांगता आलं नाही, ते या चरित्राच्या निमित्ताने सांगतो आहे. लेखिकेने प्रस्तावना मागितली तेव्हा चटकन हो म्हणालो, त्याचं खरं कारण हे.

फ्रँक ओपेनहायमर १९१२ साली न्यूयॉर्कमध्ये जन्मला. सिनेमाचा नायक रॉबर्ट त्याच्याहून आठ वर्षांनी मोठा. वडिलांचा कापडाचा व्यापार, आई चित्रकार, घरात व्हॅन गॉगची चित्रं. फ्रँक बासरी उत्तम वाजवायचा आणि हातांनी यंत्रं जुळवण्यात रमायचा. रॉबर्टला प्रयोगशाळेत हात चालवणं कधी जमलं नाही, तो फळ्यावरचा माणूस. धाकट्याचं शिक्षण जॉन्स हॉपकिन्स, केंब्रिज, फ्लॉरेन्स असं फिरत फिरत झालं आणि १९३९ मध्ये कॅलटेकमधून त्याने डॉक्टरेट मिळवली. मधल्या काळात जॅकीशी लग्न झालं आणि नवराबायको दोघंही कम्युनिस्ट पक्षात गेले. तीनेक वर्षांत बाहेरही पडले. त्याची किंमत पुढे चुकवावी लागली.

त्याच्या कामाची खरी सुरुवात बर्कलेच्या रेडिएशन लॅबोरेटरीत, अर्नेस्ट लॉरेन्सच्या हाताखाली झाली. इथे जरा थांबायला हवं, कारण फ्रँकच्या चरित्रात हा भाग बहुतेक वेळा दोन ओळींत उरकला जातो.

नैसर्गिक युरेनियममध्ये बाँबला उपयोगी पडणारा युरेनियम-२३५ शंभरात एक भागही नसतो, ०.७ टक्के असतो. बाकी जवळजवळ सगळा २३८. रसायनशास्त्राच्या दृष्टीने दोघं एकच, फरक तीन न्यूट्रॉनच्या वजनाचा. लॉरेन्सने ठरवलं, हे दोघं चुंबकाने वेगळे करायचे. युरेनियम टेट्राक्लोराइड तापवून त्याची वाफ करायची, त्या वाफेत विद्युतज्योत पेटवायची आणि अणूंवरचे इलेक्ट्रॉन सुटवायचे. जे उरतं तो प्लाझ्मा: विद्युतभारित कणांचं वायूसारखं, पण वायूहून फार वेगळं वागणारं मिश्रण. आपल्या परिभाषेत त्याला 'आयनद्रायू' म्हणतात. शब्द चांगला आहे, पण वर्गाबाहेर तो वापरणारा माणूस मला अजून भेटलेला नाही. किती तापमानाला किती अणू आपले इलेक्ट्रॉन सोडून देतील, याचं समीकरण मेघनाद साहांनी १९२० मध्येच मांडलं होतं आणि १९२८ मध्ये अर्व्हिंग लँगम्युरने या अवस्थेला प्लाझ्मा हे नाव दिलं. बर्कलेत त्या प्लाझ्मातून आयन खेचून घेत आणि चुंबकीय क्षेत्रात अर्धवर्तुळात फिरवत. जड आयन किंचित मोठ्या वळणाने जात, हलके आतून. अर्धं वर्तुळ पुरं होईपर्यंत दोघांत जेमतेम बोटभर अंतर पडे. तिथे दोन वेगळ्या कप्प्यांत त्यांना झेलायचं. या यंत्राचं नाव कॅल्युट्रॉन.

कागदावर हे सोपं दिसतं. प्रत्यक्षात ती ज्योत हट्टी होती. फडफडायची, गळायची, चुंबकीय क्षेत्राला न जुमानता कडेला पसरायची. याच प्रयोगशाळेत डेव्हिड बोम त्या गळतीचा अभ्यास करत होता आणि त्याच्या नावाने ओळखला जाणारा 'बोम डिफ्यूजन'चा नियम तिथून निघाला. तारे जसे ऊर्जा निर्माण करतात तशी ती यंत्रात निर्माण करण्यासाठी पुढे जगभर टोकामॅक उभे राहिले, गांधीनगरजवळ प्लाझ्मा संशोधन संस्थेत 'आदित्य' उभा राहिला. चुंबकाच्या कुंपणातून प्लाझ्मा निसटतो कसा, हा प्रश्न त्या सगळ्यांच्या मागे लागला. त्या प्रश्नाचं एक मूळ या युद्धकालीन टाक्यांमध्ये आहे. (जे. कृष्णमूर्तींशी वर्षानुवर्षं संवाद करणारा बोम तो हाच.)

फ्रँक स्वतःला प्लाझ्माचा शास्त्रज्ञ म्हणवत नसे. तो यंत्र चालतं करणारा माणूस होता. बर्कलेत जुळवलेलं यंत्र टेनेसी राज्यातल्या ओक रिज इथे कारखान्याच्या प्रमाणावर उभारायचं ठरलं, तेव्हा देखरेखीला तो तिकडे गेला. एकूण १,१५२ कॅल्युट्रॉन. युद्धामुळे तांबं मिळेना, म्हणून चुंबकांच्या वेटोळ्यांसाठी अमेरिकी सरकारच्या खजिन्यातून तेरा हजार टनांहून अधिक चांदी उसनी घेतली. एवढ्या चांदीची वेटोळी करणाऱ्यांना रात्री झोप कशी लागत असेल, असा एक मराठी मध्यमवर्गीय प्रश्न मला नेहमी पडतो.

या यंत्रांसमोर उंच स्टुलांवर रांगेने मुली बसत. बहुतेक आसपासच्या गावांतल्या, शाळा संपवून नुकत्याच आलेल्या. समोर पॅनेल, पॅनेलवर काटे आणि नॉब. काटा या खुणेच्या पलीकडे गेला तर हा नॉब असा फिरवा, तरीही ऐकलं नाही तर वरिष्ठांना बोलवा. काटा कशाचा, नॉब फिरवल्याने आत काय होतं, यंत्रातून निघतं काय, यातलं काहीही त्यांना सांगितलेलं नव्हतं, आणि विचारायची सक्त मनाई होती. गंमत अशी की, लॉरेन्सच्या पीएच.डी. झालेल्या माणसांशी त्यांची चढाओढ लावली, तेव्हा उत्पादनात या मुली जिंकल्या. कारण उघड होतं. काटा हलला की शास्त्रज्ञ तो का हलला याच्या मागे लागत. मुली नॉब फिरवून मोकळ्या होत.

त्या पॅनेलांसमोरचं एक छायाचित्र प्रसिद्ध आहे. त्यात अगदी पुढे बसलेली ग्लॅडिस ओवेन्स पन्नासेक वर्षांनी सामान्य प्रेक्षक म्हणून तो कारखाना पाहायला गेली, तिथे तिने स्वतःचा फोटो पाहिला आणि आपण काय करत होतो ते तिला कळलं. हिरोशिमावर पडलेल्या बाँबमधला युरेनियम या यंत्रांतून गेलेला होता.

माझ्या मते फ्रँकच्या पुढच्या सगळ्या आयुष्याची किल्ली या पॅनेलांपाशी आहे. त्याने असं कुठे म्हटल्याचं मला माहीत नाही, त्यामुळे हे अनुमान माझं, चरित्रकर्तीच्या माथी मारू नये. पण पुढे त्याने जे जे उभारलं, त्यात नॉब आहेत, काटे आहेत, शाळकरी वयाची मुलंमुली आहेत. फरक एवढाच की, तिथे काटा हलल्यावर का हलला हे विचारणं हेच मुलांचं काम आहे.

१९४५ मध्ये तो लॉस अलामॉसला आला. वाळवंटात अणुबाँबची चाचणी फसली तर माणसांनी कुठून पळायचं, त्या वाटा शोधण्याचं काम त्याच्याकडे होतं. १६ जुलैच्या पहाटे तो भावाजवळच होता. हिरोशिमाची बातमी आली तेव्हाचा अनुभव त्याने पुढे एका माहितीपटात सांगितला आहे. पहिली भावना सुटकेची: चला, फुसका नाही निघाला. आणि बातमीचं वाक्य पुरं होण्याच्या आत मेलेल्या माणसांची भीती. स्वतःची पहिली भावना लपवावी असं त्याला वाटलं नाही, म्हणून मला तो भावाहून जवळचा वाटतो.

युद्धानंतर मिनेसोटा विद्यापीठात त्याने विश्वकिरणांवर काम केलं. फुग्यांतून उपकरणं वातावरणाच्या वरच्या टोकापर्यंत सोडायची आणि तिथे काय धडकतं ते पाहायचं. १९४८ मध्ये मिनेसोटा आणि रॉचेस्टर इथल्या गटांनी मिळून दाखवलं की, विश्वकिरणांत नुसते प्रोटॉन नसतात, जड मूलद्रव्यांची केंद्रकंही असतात. त्या शोधातला रॉचेस्टरचा एक जण बर्नार्ड पीटर्स, रॉबर्टचा विद्यार्थी. अमेरिकेत डाव्या विचारांच्या माणसांमागे ससेमिरा लागला, तेव्हा होमी भाभांनी पीटर्सला मुंबईला टाटा मूलभूत संशोधन संस्थेत बोलावलं. त्याच्याबरोबर काम करणारी दोन तरुण मुलं म्हणजे देवेंद्र लाल आणि यश पाल. तिघांची नावं असलेले शोधनिबंध 'लाल, पाल आणि पीटर्स' म्हणून ओळखले जात. हेच यश पाल पुढे दूरदर्शनच्या 'टर्निंग पॉइंट'मध्ये देशभरातून पत्राने आलेल्या मुलांच्या प्रश्नांना उत्तरं देताना आपण पाहिले. फ्रँकचा यात काही हात नव्हता. पण विश्वकिरणांमागे धावणाऱ्या माणसांना उतारवयात मुलांचे प्रश्न का आवडू लागतात, हे एकदा कुणीतरी शोधून काढायला हवं.

भाभांसारखं दार फ्रँकसाठी कुणी उघडलं नाही. जून १९४९ मध्ये अमेरिकी संसदेच्या चौकशी समितीपुढे त्याला उभं केलं. दोन वर्षांपूर्वी एका वर्तमानपत्राला आपण पक्षात नव्हतो असं त्याने सांगितलं होतं, आणि ते खोटं होतं. समितीपुढे त्याने स्वतःचं सदस्यत्व कबूल केलं, इतरांची नावं मात्र दिली नाहीत. मिनेसोटाची नोकरी त्याच दिवसांत गेली. दुसऱ्या विद्यापीठांनी पाठ फिरवली, पासपोर्टही मिळेना. वडिलांकडून आलेलं व्हॅन गॉगचं एक चित्र विकलं आणि कोलोरॅडोमध्ये पॅगोसा स्प्रिंग्सजवळ डोंगरात जमीन घेतली. कुंपणं घालणं, गाईंची बाळंतपणं, हिवाळ्यात जनावरांना चारा पोचवणं, हे सगळं जॅकी आणि तो पुस्तकं वाचून आणि शेजाऱ्यांना विचारून शिकले. त्या शेजाऱ्यांकडे चौकशीला सरकारी माणसं येऊन जात. या आठ-नऊ वर्षांवर चरित्रात एक अख्खं प्रकरण आहे. ते मी इथे उघडत नाही, वाचकाने स्वतः वाचावं.

१९५७ मध्ये गावातल्या हायस्कूलला विज्ञानाचा शिक्षक हवा होता. जीवशास्त्र, रसायन, भौतिकी, जे असेल ते एकट्याने शिकवायचं. उपकरणांना पैसे नव्हते. फ्रँक मुलांना घेऊन गावच्या उकिरड्यावर गेला. मोडक्या गाड्या, जुनी यंत्रं, स्प्रिंगा, तारा, कप्प्या. जे सापडेल ते सोडवायचं, आणि ते कशासाठी होतं ते ओळखायचं. त्या आडगावच्या मुलांनी राज्याच्या विज्ञान प्रदर्शनात बक्षिसं मिळवायला सुरुवात केली.

हे वाचताना मला माझ्या शाळेची प्रयोगशाळा आठवली. काचेच्या कपाटात एक निर्वात नळी होती, तिच्यात वीज सोडली की जांभळा-गुलाबी उजेड पडतो म्हणे. कपाटाला कुलूप, किल्ली सरांच्या खिशात. फुटली तर भरून कोण देणार? तीन वर्षं ती नळी मी काचेतून पाहिली, पेटलेली एकदाही नाही. प्लाझ्मा म्हणजे काय हे मला परीक्षेपुरतं पाठ होतं.

कोलोरॅडो विद्यापीठाने १९५९ मध्ये त्याला बोलावलं, दहा वर्षांनी तो पुन्हा भौतिकीत आला. तिथे त्याने सुमारे शंभर प्रयोगांचं एक 'ग्रंथालय' उभारलं. प्रयोग कायम मांडून ठेवलेले. विद्यार्थ्याने हवं तेव्हा यावं, हवा तो प्रयोग पुस्तक काढल्यासारखा घ्यावा, हवा तितका वेळ घालवावा. ठरलेलं उत्तर आणून दाखवायचं नाही. आपल्या प्रॅक्टिकलच्या वहीत उत्तर आधी मांडून मग निरीक्षणं मागे-मागे लिहीत जाणारे आपण सगळेच आहोत. आपल्याला या व्यवस्थेतलं धाडस लगेच कळेल.

१९६५ मध्ये तो शिष्यवृत्तीवर लंडनला गेला आणि युरोपातली विज्ञान संग्रहालयं पाहत फिरला: लंडनचं सायन्स म्युझियम, पॅरिसचा पॅले द ला देकूव्हर्त, म्युनिकचं डॉइचेस म्युझियम. परतला तो एक कल्पना घेऊन. सॅन फ्रान्सिस्कोत १९१५ च्या जागतिक प्रदर्शनासाठी बांधलेला 'पॅलेस ऑफ फाइन आर्ट्स' होता. त्यामागची प्रचंड, वळणदार, गोदामासारखी शेड त्याने मिळवली आणि १९६९ मध्ये एक्सप्लोरेटोरियम उघडलं. समारंभ वगैरे काही झाला नाही, एक दिवस दार उघडं ठेवलं इतकंच. आत मांडायला फारसं नव्हतं. लंडनहून आलेलं 'सायबरनेटिक सेरेंडिपिटी' हे संगणक आणि कलेचं प्रदर्शन त्याने तिथे लावलं आणि जागा थोडी भरली.

या जागेत दोन गोष्टी त्याने मुद्दाम केल्या. एक, वर्कशॉप दाराशीच ठेवलं. लेथ, वेल्डिंग, लाकडाचा भुसा, काम करणारी माणसं, सगळं येणाऱ्याला समोर दिसे. आपल्याकडे स्वयंपाकघर मागे आणि दिवाणखाना पुढे असतो. इथे पाहुणा आधी स्वयंपाकघरात शिरायचा. दोन, समजावून सांगायला त्याने तज्ज्ञ नेमले नाहीत. हायस्कूलची मुलं नेमली, पगार देऊन. त्यांना 'एक्सप्लेनर' म्हणत. ती गुणांवर निवडलेली नसत. टेबलावर कत्तलखान्यातून आणलेला गाईचा डोळा घेऊन सोळा वर्षांची मुलगी कात्रीने तो उघडते आहे, आतलं भिंग काढून वर्तमानपत्रावर ठेवते आहे आणि त्याखालची अक्षरं मोठी झालेली पाहून भोवतीची मंडळी आधी नाक मुरडून मग पुढे वाकताहेत, हे तिथलं रोजचं दृश्य. एखाद्या प्रश्नाचं उत्तर तिला आलं नाही, तर तिने सरळ नाही म्हणावं आणि दोघांनी मिळून शोधावं.

नियम आणि सूत्रांपासून सुरुवात करण्याऐवजी त्याने डोळे, कान, त्वचा यांपासून केली. माणूस जग पाहतो कसं, हाच विषय. म्हणून कलाकारही त्याला सजावटीपुरते नको होते. बॉब मिलर या कलाकाराने आरशांनी सूर्यप्रकाश आत आणून लोलकांतून भिंतीवर रंग पसरवले, त्या रंगांत उभं राहिलं की तुमच्या सावल्याही रंगीत. ऑगस्ट कोपोलाने १९७१ मध्ये मिट्ट काळोखाचा घुमट केला, त्यातून चाचपडत, सरपटत जायचं.

आणि इथे प्लाझ्मा परत येतो. बिल पार्कर नावाचा एमआयटीचा विद्यार्थी १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला काचेच्या गोळ्यांत विरळ वायू भरून त्यांत वीज खेळवत होता. टेस्लाने असे दिवे कितीतरी आधी केले होते, पण पार्करने वायूंची मिश्रणं आणि वीजपुरवठा यांच्याशी खेळून त्यांतून जिवंत वाटणारे धागे काढले. एक्सप्लोरेटोरियममध्ये तो निवासी कलाकार म्हणून आला आणि तिथे त्याने 'क्वाएट लाइटनिंग' हे शिल्प केलं. आज कुठल्याही विज्ञान केंद्रात, इतकंच काय भेटवस्तूंच्या दुकानातही जो प्लाझ्मा गोळा दिसतो, त्याचा हा पूर्वज. मध्ये एक विद्युतटोक, भोवती निऑन, आर्गॉनसारखे वायू, बोट टेकवलं की जांभळा धागा बोटाकडे धावतो, कारण तुमच्या शरीरामुळे विजेला त्या बाजूने सोपी वाट मिळते. कॅल्युट्रॉनच्या पोलादी टाकीतली ती ज्योत पाहायला युद्धात परवाना लागत होता. एका पिढीच्या आत तिचं चुलत भावंड काचेत आलं आणि चार वर्षांचं पोर त्यावर तळहात ठेवून उभं राहिलं.

फ्रँकची आरती ओवाळायची म्हणून ही प्रस्तावना नाही. तो व्यवस्थापक म्हणून अवघड माणूस होता, प्रत्येक प्रदर्शिकेत नाक खुपसायचा. एक्सप्लोरेटोरियमवर एक टीका पहिल्यापासून आहे आणि ती अगदीच चुकीची नाही: गोंगाट फार, मुलं एक बटण बडवतात आणि दुसऱ्याकडे पळतात, शिकतात काय? मी स्वतः मुंबईच्या विज्ञान केंद्रात सहलीच्या दिवशी उभा राहिलो आहे आणि हा प्रश्न मलाही पडला आहे. फ्रँकचं म्हणणं असं की, म्युझियममध्ये कुणी नापास होत नाही, तेव्हा मूल शिकलं का हे मोजण्याचा अट्टहास सोडा. यावर माझं समाधान होत नाही. नुसत्या चमत्काराची सवय लागली की माणूस कारण विचारायचं सोडून देतो, आणि ओक रिजच्या मुलींकडून तर कारणच काढून घेतलं होतं. चरित्रकर्ती या मुद्द्यावर फ्रँकच्या बाजूने आहे. आमचं त्यावरून फोनवर दोनदा वाजलं, तिने मजकूर बदलला नाही आणि ते बरंच केलं.

एका बाबतीत मात्र मी पूर्ण त्याच्या बाजूचा. एक्सप्लोरेटोरियममधल्या प्रदर्शिका कशा बनवायच्या, याची 'कुकबुक' त्यांनी १९७५ पासून छापली. कुठला आरसा, केवढा, कुठे बिघडतं, मुलं काय तोडतात, सगळं मोकळेपणाने लिहिलेलं. 'रुचिरा' हाताशी असली की नवखी सून परगावी एकटीने पुरणपोळी करते, तसं जगभरच्या विज्ञान केंद्रांनी त्यातून आपापले पदार्थ केले. ज्या माणसाच्या उमेदीची वर्षं कुलूपबंद कागदांत गेली, त्याने पाककृती वाटून टाकाव्यात, हे मला कुठल्याही भाषणापेक्षा बोलकं वाटतं.

रॉबर्ट १९६७ मध्ये गेला होता, एक्सप्लोरेटोरियम त्याने पाहिलंच नाही. जॅकीने तिथला ग्राफिक्सचा विभाग सांभाळला, ती १९८० मध्ये गेली. फ्रँक ३ फेब्रुवारी १९८५ ला वारला. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये वरळीचं नेहरू विज्ञान केंद्र उघडलं. एक्सप्लोरेटोरियम २०१३ मध्ये समुद्रकाठच्या पियर १५ वर हललं.

परवा भाची आली होती. आता ती इंजिनिअरिंगला आहे. चरित्राचं हस्तलिखित टेबलावर होतं, शेजारी मी आणलेला छोटा प्लाझ्मा गोळा. तिने खोलीतला दिवा मालवला, माळ्यावरची एक जुनी ट्यूबलाइट काढली आणि गोळ्याजवळ धरली. तार नाही, होल्डर नाही, ट्यूब हातातल्या हातात उजळली. मग तिने दुसऱ्या हाताची मूठ ट्यूबच्या मधोमध आवळली. उजेड मुठीपर्यंत आला आणि थांबला. मूठ वर सरकवली की उजेड वर, खाली आणली की खाली.

"असं का?" ती म्हणाली.

मी सांगायला तोंड उघडलं, तर तिने हात वर करून मला थांबवलं आणि पुन्हा मूठ सरकवू लागली.